दोन जवळजवळ सारख्या फिकट रंगांतून एक निवडताना

मी रंगकाम करतो. शेड कार्डावरच्या दोन फिकट चौकोनांपाशी घरातली माणसं अडून बसतात, तेव्हा मी एवढंच सांगतो: फिकटपणा सोडा, झाक बघा.

झाक ओळखायला पांढराशुभ्र कागद पुरतो. दोन्ही नमुने त्यावर ठेवा. मघाशी नुसता 'ऑफ व्हाइट' वाटणारा रंग पिवळट, गुलाबी, हिरवट किंवा करडा दिसू लागतो. तरीही कळेना, तर कार्डाच्या त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटा बघा. फिकट छटेत दडलेली झाक बहुतेकदा तिथे उघड दिसते.

आता दोन्ही रंगांचे छोटे डबे आणा. भिंतीवर थेट पट्टे मारू नका, आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. त्याऐवजी मोठे पांढरे पुठ्ठे घ्या, कडेला पांढरी पट्टी सोडून दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून काहीच ठरवू नका. घरात जे फिनिश लावायचं तेच इथेही हवं. मॅट आणि चमकदार फिनिशमध्ये एकच रंग वेगळा भासतो.

पुठ्ठे उभेच धरा, आणि एका वेळी एकच. शेजारी ठेवले की एकामुळे दुसरा उगाच मळकट किंवा पिवळा वाटतो, आणि राहायचं तर तुम्हाला एकाच रंगात आहे! खिडकीसमोरची भिंत, खिडकीचीच भिंत, मग कोपरा, असा पुठ्ठा फिरवा. कोपऱ्यात जास्त वेळ थांबा. तिथे दोन भिंती एकमेकींवर रंग टाकतात, म्हणून छटा गडद होते. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पुन्हा बघा. 2700 केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाचा रंग सांगणारं माप) पिवळसर दिव्याखाली पिवळी झाक दाट होते, 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली करडी झाक निळसर, थंड वाटते. संध्याकाळी ज्या खोलीत सगळे बसतात, तिथे मी दिव्याखालच्या रंगालाच जास्त मान देतो.

काही कार्डांवर 'एलआरव्ही' हा आकडा असतो, 0 ते 100. जास्त आकडा म्हणजे भिंत जास्त उजेड परत टाकते. 80 आणि 82 यांत डोकं घालू नका. फरक मोठा असेल आणि खोली अंधारी असेल, तरच जास्त आकड्याचा रंग घ्या.

एवढ्यावरही दोन्ही आवडले, तर पुठ्ठा फरशीला आणि दाराच्या चौकटीला टेकवा. या गोष्टी बदलणार नाहीत. त्यांच्याजवळ जो रंग मळकट दिसेल, तो बाद.