आयपीव्ही४ राउट, आयपीव्ही६ ब्रिज: या चुका टाळा

इंटरनेट पुरवठादार आयपीव्ही६ पत्त्यांचे एकच /64 जाळे देतो आणि प्रीफिक्स डेलिगेशन (आपल्या राउटरला पत्त्यांचा गट सोपवणे) देत नाही, तेव्हाच लिनक्स राउटरवर आयपीव्ही४ राउट (एका जाळ्यातून दुसऱ्यात पाठवणे) आणि आयपीव्ही६ ब्रिज (दोन्ही बाजू एकाच जाळ्यात जोडणे) करण्याची वेळ येते. पुरवठादाराला न विचारताच ही मांडणी करणे, ही पहिली चूक. /56 (अनेक /64 जाळी मावणारा गट) मिळत असेल, तर दोन्ही प्रोटोकॉल सरळ राउट करावेत.

सर्वाधिक घोळ ईबीटेबल्सच्या, म्हणजे ब्रिजवरची रहदारी गाळणाऱ्या लिनक्स साधनाच्या, ब्राउट (broute) टेबलमध्ये होतो. तेथे ‘ड्रॉप’ म्हणजे फ्रेम (डेटाचे एक पाकीट) टाकून देणे नव्हे, तर ती ब्रिजकडे न जाऊ देता राउटिंगकडे सोपवणे. एका कार्यालयात वॅन पोर्टसाठी (पुरवठादाराकडचा पोर्ट) असा नियम फक्त आयपीव्ही४ला लावला होता आणि एआरपी (आयपीव्ही४ पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधणारा प्रोटोकॉल) राहून गेला होता. परिणामी आयपीव्ही६वर चालणारी संकेतस्थळे उघडत होती, बाकीची अडत होती आणि सगळे डीएनएसला दोष देत होते. टीसीपीडंपमध्ये (रहदारी पाहण्याचे साधन) पुरवठादाराच्या गेटवेचे एआरपी उत्तर येताना स्पष्ट दिसत होते, तरी राउटरच्या नेबर टेबलमधील (शेजारी यंत्रांच्या पत्त्यांची यादी) नोंद अपूर्णच राहत होती. कारण ते उत्तर वॅन पोर्टच्या नावावर न पोहोचता ब्रिजच्या नावावर पोहोचत होते. यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून मी प्रोटोकॉल एकेक मोजत बसत नाही. ‘आयपीव्ही६ सोडून सर्व काही राउटिंगकडे’ असा एकच नियम लिहितो.

एवढ्यावर काम संपत नाही. लॅनमधील (आतले जाळे) डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारा प्रोटोकॉल) आणि एआरपीचे ब्रॉडकास्ट ब्रिजमार्गे पुरवठादाराकडे जातच राहतात. ते रोखण्यासाठी ईबीटेबल्सच्याच फिल्टर टेबलच्या फॉरवर्ड साखळीत वॅनकडे जाणारे आयपीव्ही६ वगळता सर्व ड्रॉप करावे लागते, आणि येथे ‘ड्रॉप’चा अर्थ खरोखर टाकून देणे असाच आहे. नियम कुठून तरी उचलून चिकटवणाऱ्या उतावळ्या नवशिक्यांनी निदान हा फरक तरी वाचून समजून घ्यावा.

सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता वॅन पोर्टवर आणि लॅनचा पत्ता ब्रिजवर असावा.

फायरवॉलची चूक मात्र अक्षम्य आहे. ब्रिज झालेले आयपीव्ही६ आपोआप आयपी६टेबल्समधून (लिनक्सची आयपीव्ही६ फायरवॉल) जात नाही, त्यामुळे नॅटच्या (आतले पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे लपवणे) आडोशाला सरावलेले कॅमेरे आणि प्रिंटर जगासमोर उघडे पडतात. ब्रिज-नेटफिल्टर (ब्रिजची रहदारीही या फायरवॉलमधून नेणारी सोय) चालू केल्याशिवाय मी वॅनची केबल लावू देत नाही आणि लावल्यावर लगेच बाहेरच्या जोडणीवरून स्वतः तपासतो.

वॅन आणि लॅनचे पोर्ट एकाच स्विच चिपवर, एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचमधील आभासी, वेगळे जाळे) असतील, तर फ्रेम प्रोसेसरपर्यंत येतच नाही आणि वरचा एकही नियम लागू होत नाही. म्हणून आधी व्हीलॅन वेगळे करावेत.