मिशिगन–ओहायो स्टेट सामन्याचा पूर्ववेध कसा लिहावा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी मिशिगन आणि ओहायो स्टेट ही दोन विद्यापीठे एकमेकांसमोर उभी राहतात, आणि त्या दिवशीच्या सामन्याला दोन्हीकडचे लोक नुसते ‘द गेम’ म्हणतात. हे संघ पहिल्यांदा १८९७ मध्ये मिशिगनच्या ॲन आर्बर येथे भेटले. १९१८ पासून करोनाचे २०२० हे एक वर्ष वगळता त्यांची गाठ दरवर्षी पडत आली आहे. इतक्या जुन्या वैराबद्दल लिहायला बसले की आकडे, आठवणी आणि भाकिते यांची गर्दी होते आणि लेख भरकटतो. माझ्या मते पूर्ववेधाचे काम एकच आहे: दुपारी बारा वाजता सामना पाहायला बसणाऱ्या वाचकाला नेमके कुठे पाहायचे ते कळले पाहिजे. या सामन्यात ती जागा बहुतेक वेळा चेंडू ठेवलेल्या रेघेवर असते, जिथे दोन्ही संघांचे सर्वांत धिप्पाड खेळाडू प्रत्येक डावाच्या आरंभी एकमेकांवर आदळतात. लेखाची सारी तयारी त्या रेघेपासून सुरू करावी.

प्रथम इतिहास. मागच्या निकालांची यादी देऊ नये; जो जुना सामना आजच्या एखाद्या शक्यतेचा अर्थ उलगडतो, तेवढाच घ्यावा. १९६९ मध्ये ओहायो स्टेट अव्वल क्रमांकावर होते, आदल्या वर्षीचे विजेते होते आणि त्यांनी सलग २२ सामने जिंकले होते. मिशिगनचे नवे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर यांनी पूर्वी ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांच्याच हाताखाली काम केले होते, आणि त्यांनी पहिल्याच वर्षी आपल्या गुरूंना २४–१२ असे हरवले. २०२४ मध्ये ओहायो स्टेटच्या कोलंबस येथे असेच घडले. मिशिगनने त्याआधी ११ पैकी पाच सामने गमावले होते आणि क्रमवारीत त्यांना स्थान नव्हते, तरी त्यांनी १३–१० असा विजय मिळवला. दोन महिन्यांच्या आत त्याच ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. या दोन उदाहरणांतून वाचकाला क्रमवारीवर किती विसंबायचे ते उमजते, म्हणून त्यांना लेखात जागा द्यावी. ज्या सामन्याविषयी ‘तो थरारक झाला’ याखेरीज काही सांगता येत नाही, तो वगळावा.

यानंतर आकडे, आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा लागतो. संपूर्ण हंगामाची बेरीज फसवी असते, कारण सप्टेंबरमध्ये दोन्ही संघ घरच्या मैदानावर दुबळ्या पाहुण्यांविरुद्ध धावांचे आणि गुणांचे ढीग रचतात. त्यामुळे एका वहीत दोन्ही संघांचे त्या हंगामातील चार-पाच खडतर सामने वेगळे काढावेत आणि प्रत्येक सामन्यासाठी तीन गोष्टी नोंदवाव्यात: चेंडू घेऊन धावल्यावर प्रत्येक खेपेस सरासरी किती यार्ड मिळाले, तिसऱ्या डाउनला (म्हणजे तिसऱ्या संधीला) सरासरी किती अंतर उरलेले होते, आणि क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) किती वेळा घाईने चेंडू सोडावा लागला. दहा यार्ड पुढे जाण्यासाठी आक्रमक संघाला चार संधी, म्हणजे चार डाउन, असतात. पहिल्या दोन संधींत सात यार्ड मिळाले तर तिसऱ्या वेळी धावायचे की फेकायचे हे आक्रमण ठरवते. दोनच मिळाले तर सारे मैदान ओळखून असते की आता चेंडू फेकला जाणार, आणि बचावफळीतले धावपटू क्वार्टरबॅकच्या अंगावर मोकाट सुटतात.

२०२१ चा सामना या दृष्टीने पाहावा. ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडने चेंडू फेकून ३९४ यार्ड मिळवले, आणि नुसता हा आकडा वाचणाऱ्याला तोच संघ जिंकला असे वाटेल. प्रत्यक्षात मिशिगन ४२–२७ असे जिंकले, कारण त्यांनी धावून २९७ यार्ड मिळवले आणि समोरच्यांना धावून अवघे ६४ मिळू दिले. हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेला, आणि एडन हचिन्सनने स्ट्राउडला तीनदा खाली पाडले. तरीही या निष्कर्षाला चिकटून बसू नये. २०२२ मध्ये ओहायो स्टेटची बचावफळी धाव रोखण्यासाठी पुढे सरकली, मागची जागा उघडी पडली, आणि मिशिगनने लांब पल्ल्याचे पास आणि डोनोव्हन एडवर्ड्सच्या ७५ व ८५ यार्डांच्या धावा यांच्या बळावर ४५–२३ असा विजय मिळवला. रेघेवर वर्चस्व कोणाचे, यासोबतच ते मिळवण्यासाठी मागे किती खेळाडू उरले, हाही प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला पाहिजे.

दुखापतींची नोंद मात्र कित्येक लेखक शेवटच्या ओळीत उरकतात, आणि मला ही मोठी चूक वाटते. २०२४ च्या त्या धक्कादायक निकालाची खूण तिथेच होती. ओहायो स्टेटच्या पुढच्या फळीतला डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये, आणि सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला होता. समोर मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोघे उभे होते, ज्यांना पुढे व्यावसायिक संघांनी निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतले. जेरेमाया स्मिथसारखा झेलपटू हाताशी असूनही ओहायो स्टेट त्या दोघांच्या अंगावरच धावत राहिले आणि त्यांना धावून ७७ यार्ड मिळाले. ज्या लेखकाने ‘या दोन बदली खेळाडूंसमोर ग्रॅहम आणि ग्रँट येणार आहेत’ एवढे वाक्य लिहिले असते, त्याचे भाकीत चुकले असते तरी त्याचा लेख बरोबर ठरला असता. हे दोन्ही संघ ज्या बिग टेन संघटनेत खेळतात, तिच्या नियमानुसार उपलब्ध खेळाडूंची यादी सामन्याच्या दोन तास आधी जाहीर होते. म्हणून लेखात ‘अमुक खेळला तर’ अशी अट स्पष्ट घालावी आणि यादी आल्यावर तेवढा परिच्छेद सुधारावा.

मैदान आणि हवामान यांना मोजकीच जागा पुरे. ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ आणि कोलंबसच्या स्टेडियममध्ये १,०२,७८० प्रेक्षक बसतात, त्यामुळे पाहुण्या संघाला आवाजाऐवजी खुणांनी डाव सुरू करावा लागतो. हवामान पाहताना बर्फापेक्षा वाऱ्याचा वेग आधी पाहावा, कारण पास आणि लाथेने मारलेला चेंडू दोन्ही वाऱ्यावर अवलंबून असतात. १९५० च्या हिमवादळात मिशिगनने एकही फर्स्ट डाउन न मिळवता, म्हणजे दहा यार्ड पुढे सरून नव्या चार संधी न मिळवता, ९–३ असा विजय मिळवला आणि २४ वेळा पंट केला, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडला. असा दिवस पुन्हा क्वचितच येईल, पण किकर आणि पंटर यांच्याविषयी दोन वाक्ये लिहायला तो भाग पाडतो. २०२४ मध्येही ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून धाडण्याचे प्रयत्न) हुकले आणि सामना तीन गुणांनी गेला.

पणाला काय लागले आहे, हे वर्षागणिक नव्याने समजावावे लागते. १९७३ मध्ये सामना १०–१० असा बरोबरीत सुटला आणि रोझ बोल या हंगामअखेरच्या मानाच्या सामन्यासाठी ओहायो स्टेटची निवड संघटनेच्या क्रीडासंचालकांनी मतदानाने केली. मिशिगनकडची जुनी मंडळी ते आजही विसरलेली नाहीत. २०२४ पासून राष्ट्रीय स्पर्धेत १२ संघ घेतले जातात, म्हणून पराभूत संघाचा हंगाम आता तिथेच संपत नाही. मात्र त्यामुळे सामना हलका झाला असे लिहू नये. ओहायो स्टेटच्या खेळाडूंना मिशिगनवरील विजयासाठी मिळणारा सोन्याच्या विजारीचा छोटा दागिना १९३४ पासून दिला जातो, आणि तो अन्य कोणत्याही सामन्यासाठी मिळत नाही.

मराठीत लिहिताना टचडाउन, पंट, क्वार्टरबॅक हे शब्द तसेच ठेवावेत. डेट्रॉइट किंवा कोलंबस भागातल्या मराठी घरांतली मुले हेच शब्द वापरतात आणि त्यांच्या आईवडिलांच्या कानांवरही ते पडतात. पण पुण्यात वा नाशिकमध्ये बसून नातवाच्या विद्यापीठाचा सामना पाहणाऱ्या आजोबांसाठी चार संधी आणि दहा यार्ड हा नियम एकदा, पहिल्याच परिच्छेदाच्या आसपास, सांगून टाकावा.

भाकीत सर्वांत शेवटी आणि कारणासह द्यावे. ‘मिशिगन २४–२०’ इतके लिहून थांबू नये. कोणती गोष्ट घडली तर हे भाकीत कोसळेल तेही लिहावे, आणि ती गोष्ट पहिल्या पंधरा मिनिटांत दिसू शकेल अशी निवडावी. उदाहरणार्थ: पहिल्या तीन आक्रमणांत पाहुण्या संघाला तिसऱ्या डाउनला वारंवार आठ यार्डांहून अधिक अंतर उरले, तर त्यांची पुढची फळी हरते आहे असे समजावे, मग फलकावरचे गुण काहीही असोत.