सबसेंटरला रुजू होताय? बोर्ड रंगवण्याआधीची तयारी

2018 नंतर उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं, 2023 मध्ये त्याचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आणि बोर्ड पुन्हा रंगवले गेले. गावात अजूनही सगळे ‘सबसेंटर’च म्हणतात. त्यामुळे नव्याने समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू होत असाल तर रंगाऱ्याला जरा थांबू द्या. आधी वह्या मागवा.

पहिल्याच आठवड्यात आशाताई, सिस्टर, आरोग्यसेवक आणि अंगणवाडीताई यांना एकत्र बोलवा, आणि येताना ज्याने त्याने आपली वही आणायची. आशाताईंची घरयादी, सिस्टरचं आरसीएच रजिस्टर (गरोदर बायका आणि बाळांची नोंद), आरोग्यसेवकाची टीबीची नोंद, अंगणवाडीतल्या वजनांची नोंद. सतरंजी टाका, दार लावून घ्या आणि एकच वस्ती घ्या. सगळं गाव घेतलंत तर दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत सगळे कंटाळतात. घर नंबर एकपासून वाचत चला. एचआयव्हीची नोंद मात्र या बैठकीत वाचायची नाही, ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहू द्या.

आमच्या पहिल्या बैठकीत अकराव्या घरापाशी सगळे गप्प झालो. सून गरोदर, ती सिस्टरकडे नोंदलेली. तिचा तीन वर्षांचा मोठा मुलगा कमी वजनाचा, तो अंगणवाडीच्या यादीत. सासऱ्यांना टीबीची औषधं चालू, ते आरोग्यसेवकाकडे. सासूबाईंची शुगर कुणाकडेच नाही. पोराचं वजन का वाढत नाही यावर अंगणवाडीत तीन महिने चर्चा चालली होती आणि त्याच घरात टीबीचा पेशंट आहे हे ताईंना माहीतच नव्हतं. चौघेही त्या उंबऱ्यावर जाऊन आलेले, प्रत्येकाची नोंद चोख. मुलाची तपासणी झाली, टीबी नव्हता, प्रतिबंधक औषध सुरू केलं. त्या दिवसापासून आम्ही वस्तीचा एक हाताने काढलेला नकाशा भिंतीवर लावला आणि जिथे दोनपेक्षा जास्त नोंदी आहेत त्या घराला लाल टिकली. टिकलीखाली आजाराचं नाव लिहायचं नाही, भिंत सगळे वाचतात.

मग तीस वर्षांवरच्यांची यादी. सपाटीवरच्या उपकेंद्राला पाच हजार, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या धरतात. म्हणजे सपाटीवर तीस वर्षांवरची दीड-दोन हजार माणसं सहज निघतात. आशाताई सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका किती ते बघणारी प्रश्नावली) भरतात, त्यात चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी बोलवायचं. पण बाकीच्यांचीही बीपी-शुगर वर्षातून एकदा पाहायचीच असते. बायका येतात. पुरुष येत नाहीत, आणि दुपारी घरी जाऊन उपयोग नाही. सकाळी सहा-साडेसहाला ते कॅन घेऊन दूध संकलनावर रांगेत उभे असतात, तिथे एक टेबल आणि बीपीचं मशीन न्या. मशीनचे सेल आदल्या रात्री बघा. मोठ्या दंडाचा कफही मागून घ्या, नाहीतर जाड माणसाचं बीपी उगाच जास्त दिसतं. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी पडदा, टेबल आणि आतून लागणारी कडी आहे का ते बघा. कडी नसेल तर बायका एकदा येतील, दुसऱ्यांदा येणार नाहीत.

गोळ्यांचा हिशोब तपासणीच्या आधी करा. दोनशे बीपीचे पेशंट निघाले आणि प्रत्येकाला रोज एक अ‍ॅम्लोडिपिन लागली तर महिन्याला सहा हजार गोळ्या. तुमचं इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, पाचशेचं असेल तर बाकीच्यांना आजार सांगून उपाशी ठेवल्यासारखं होतं. उपकेंद्राच्या यादीत 105 औषधं आहेत, कागदावर. कपाटात किती आहेत ते स्वतः मोजा, एक्सपायरीसकट.

शिवाय पेशंटला येताना घरातली गोळ्यांची पिशवी आणायला सांगा. ही पिशवी खुंटीला टांगलेली असते आणि तिच्यात सगळा इतिहास असतो. एका आजींच्या पिशवीत बीपीची एकच गोळी दोन नावांनी होती, एक स्ट्रिप आपल्या केंद्राची, दुसरी बाजारगावच्या डॉक्टरांची. दोन्ही रोज चालू. चक्कर येते म्हणून तिसरीकडून चक्करची गोळी आणलेली. म्हणून गावातल्या खासगी डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला पहिल्या महिन्यात जाऊन भेटा, चहा घ्या, कोणती औषधं तुमच्याकडे मिळतात त्याची यादी देऊन या. काहींना ते कमीपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. निम्मं गाव त्यांच्याकडेच जातं.

वर पाठवण्याची तयारी वेगळी. मी सुरुवातीला छातीत दुखत नसलेल्या, पण शुगर फार वाढलेल्या एका बाईंना साध्या चिठ्ठीवर पुढच्या रुग्णालयात पाठवलं. त्या दिवशी फिजिशियन नव्हते. बाईंची मजुरी बुडाली, एसटीचे पैसे गेले, आणि त्या पुढे चार महिने माझ्याकडे फिरकल्या नाहीत. तेव्हापासून कोणते डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते भिंतीवर लिहिलेलं आहे आणि चिठ्ठी देण्याआधी मी तिथल्या सिस्टरना फोन करते. चिठ्ठीचा खालचा भाग कोरा ठेवा, तिथे काय केलं ते लिहून पेशंटच्या हातात परत यावं म्हणून. सगळे भरत नाहीत, मागत राहावं लागतं. गरोदर बाईसाठी 102, अपघात-अटॅकला 108, हे तुम्हाला पाठ असतं. वस्तीवर रेंज कुठल्या झाडाखाली मिळते हे आशाताईंना माहीत असतं. ते विचारून ठेवा.

पोर्टलचं थोडक्यात: आभा कार्ड (आरोग्य ओळख क्रमांक), ई-संजीवनी (डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला), एनसीडीची म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांची नोंद, सगळं आपल्यालाच भरायचंय. पण पेशंट समोर असताना मान मोबाइलमध्ये घालू नका, कच्च्या वहीत लिहा.

ग्राम आरोग्य, पोषण समितीच्या निधीची पासबुक नोंद एकदा बघून घ्या. आणि आशाताईंचं ऐका. 1970 मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि पुढे गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवलं. आपण बीएएमएस किंवा नर्सिंग करून आलेलो असतो, त्यामुळे ही गोष्ट विसरायला वेळ लागत नाही.

शेवटचं काम दसऱ्याच्या आधीचं. आमच्या भागात तेव्हा टोळ्या कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि चार-पाच महिने परत येत नाहीत. कोण जाणार ते मुकादमाकडून नाही, आशाताईंकडून काढा. त्यातल्या बीपी-शुगरवाल्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या द्यायच्या तर वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा, गरोदर बाईचं माता-बाल कार्ड आणि लहानग्याची पुढच्या लसीची तारीख तिच्या हातात द्या, आणि त्या कार्डाला प्लास्टिकचं पाकीट घाला. ऊसतोडीवरची कोपी, म्हणजे झोपडी, गळते.