वाघाच्या मार्गावर काम करायचंय? वावरातून सुरुवात करा

एमएस्सी झालेली नागपूरची पोरं हमखास विचारतात, वाघ एका जंगलातून दुसऱ्यात कसा जातो याचा अभ्यास करायचाय, तर पेंचला सुरुवात करू की ताडोब्याला? मी म्हणतो, दोन्हींच्या मधल्या वावरांत करा. जंगलात वाघ आहे हे ठाऊकच आहे. खरी गंमत तिथून निघालेल्या वाघाची.

दीड-दोन वर्षांचा नर आईपासून सुटला की स्वतःची हद्द शोधत निघतो. मादी बहुधा आईच्या शेजारीच राहते. म्हणून लांबच्या दोन जंगलांचा संबंध टिकतो तो मुख्यतः या भटक्या नरांमुळे. ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, रेडिओ कॉलर लावलेला टी१सी१ हा वाघ तर २०१९ मध्ये मराठवाडा, तेलंगणा करत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तोही बराचसा शेतांमधून.

क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) आणि सर्किटस्केप (प्राण्यांच्या वाटांचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर) शिकाच, दोन्ही फुकट आहेत. सर्किटस्केपमध्ये जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला अडथळ्याचा आकडा द्यायचा असतो. मग जनावरं कुठून जास्त जाऊ शकतील, ते नकाशावर उमटतं. पण हा आकडा ठरवतो कोण? नकाशात ‘शेती’ एकच. प्रत्यक्षात नोव्हेंबरात तूर-पराटी (कपाशी) माणसाएवढी उभी असते, वाघ सहज लपतो. एप्रिलात तेच वावर उघडंबोडकं. अशा वेळी शेतकऱ्याला विचारावं, जनावर कोणत्या अंगानं येतं? उत्तर बहुतेक ठरलेलं: “नाल्यानं येते, नाल्यानं जाते.” नकाशात तो नाला एक बारीक निळी रेघ असतो, कधी तोही नसतो.

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचजवळचे प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग एकदा तरी पाहा. वर ट्रकची रांग, खाली मातीत चितळाचे खूर. तिथं रस्ताच पुलांवर उचललाय, सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघासकट १८ जातींचे प्राणी टिपले गेलेत. तरी फोटोवर हुरळू नका. पुलाखालून गेलेल्या नराची पिल्लं पलीकडे झाली, तरच ती जंगलं खऱ्या अर्थानं जोडलेली. ते कळतं विष्ठेतल्या डीएनएवरून. त्यामुळे प्रयोगशाळेचं काम टाळणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये, असं माझं मत.

इंटर्नशिप घेताना स्टायपेंडचं आधी विचारा. काही ठिकाणी नुसत्या जेवणावर भागवतात. आणि वनविभागाचा परवानगीचा अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे हिवाळ्यापर्यंत कागद हलतो. विष्ठेचे नमुने उचलायचे असतील तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.