पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल यांसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या काही आठवड्यांच्या उपचारासाठी सहसा सुरक्षित असतात. मात्र त्या वर्षानुवर्षे रोज घेतल्यास अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व सुटे होण्यासाठी लागणारे आम्लच कमी पडते, आणि शाकाहारी किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तींमध्ये ब-१२ची उणीव अधिक संभवते. हातापायांना मुंग्या येत असल्यास ब-१२ची तपासणी करून घ्यावी. पेटके येत असल्यास मॅग्नेशियमचीही. हृदयविकारासाठी क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्रॅझोल टाळतात, हे औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवल्यास जळजळ काही काळ उलट वाढू शकते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी.