स्पोर्ट्स कारला हिवाळी चाकं बसवताना

सकाळी निघताना तापमान आठवडाभर 7 अंशांच्या खाली दिसू लागलं की मी माझ्या टोयोटा जीटी-86 ची उन्हाळी चाकं उतरवते. बर्फ पडायची वाट पाहत नाही. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि मग कोरड्या रस्त्यावरही त्याची पकड कमी होते. ट्रॅकवर पळवायच्या जातीचे फार चिकट टायर असतील, तर कडाक्याच्या थंडीत गाडी नुसती हलवल्यानेही त्यांना तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरचं रबर त्याच थंडीत मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर जे सुरीने दिल्यासारखे बारीक काप असतात त्यांच्या कडा बर्फाला धरतात.

टायर चारही बदलायचे. माझी गाडी मागच्या चाकांवर चालते, म्हणून मागे दोन बसवले की झालं, असं मला खूप जणांनी सुचवलं. गाडी जागेवरून निघेल, हे खरं. पण वळणावर पुढची चाकं सरळच घसरत जातील आणि ब्रेकही धड लागणार नाही. कारण थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. फक्त पुढे बसवले तर याहून वाईट: मागचा भाग फिरून पुढे येतो.

माझा आग्रह वेगळ्या रिमचा आहे. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर चढवला-उतरवला की टायरच्या कडेला ताण बसतो, रिमला ओरखडे पडतात, आणि दर वेळी बॅलन्सिंग आलंच. वेगळा संच असला तर दीड तासात घरच्या घरी काम होतं. हिवाळी रिम साध्या, जाड रंगाच्या घ्या. रस्त्यावरच्या मिठाने पॉलिश केलेली कड पहिल्याच हिवाळ्यात फुलून येते.

आता माप. इथे घाई करू नका. माझ्या गाडीचं मूळ माप 215/45 आर17. हिवाळ्यात मी 205/55 आर16 वापरते. हिशोब असा: पहिला आकडा म्हणजे मिमीमधली रुंदी, तिला दुसऱ्या आकड्याची टक्केवारी लावली की टायरच्या भिंतीची उंची मिळते. तिची दुप्पट करायची आणि त्यात रिमचे इंच गुणिले 25.4 मिळवायचे. मूळ चाकाचा व्यास 625.3 मिमी येतो, हिवाळी चाकाचा 631.9. फरक जेमतेम 1 टक्का, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) दोन्ही शांत राहतात. रिम एक इंच लहान झाली, पण टायरची भिंत उंच झाली. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते ती या भिंतीमुळे. शिवाय अरुंद टायर चिखलबर्फ कापून खाली रस्त्यापर्यंत पोचतो.

पण स्पोर्ट्स कारचे ब्रेक मोठे असतात. साध्या ब्रेकच्या जीटी-86 ला 16 इंची रिम बसते, मोठे कॅलिपर (ब्रेकची चकती पकडणारे भाग) लावलेल्या गाडीला ती अडू शकते. म्हणून टायर चढवायच्या आधी नुसती रिम हबवर (चाक ज्यावर बसतं त्या गोल भागावर) बसवा, दोन-तीन नट आवळा आणि हाताने पूर्ण फेरा द्या. कॅलिपर आणि रिम यांच्यामध्ये सगळीकडे निदान 3 मिमी जागा दिसायला हवी. बाकीचे आकडेही जुळवायचे असतात: माझ्या गाडीला 100 मिमीच्या वर्तुळावर 5 स्टड (नट ज्यावर चढतात ते आट्यांचे दांडे), मधलं भोक 56.1 मिमी, मूळ रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) 48 मिमी, नट एम12 म्हणजे 12 मिमीच्या स्टडचे आणि आट्यांचं अंतर 1.25 मिमी. रिमचं मधलं भोक मोठं असेल तर बरोबर मापाची रिंग घाला, नाहीतर स्टेअरिंग थरथरतं. नटाची बैठक रिमच्या बैठकीसारखीच हवी. शंकूच्या आकाराच्या खोबणीत गोल बुडाचा नट आवळला तर तो कडेवरच टेकतो आणि पुढे ढिला होतो. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाची चाकं असलेल्या गाड्यांना हिवाळ्यात कोणतं माप चालतं, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. अंदाजाने ठरवू नका.

टायर निवडताना भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह शोधा. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही. ते कंपनी स्वतःच छापते, हिमकणासाठी मात्र टायरला बर्फावरची चाचणी पार करावी लागते. बहुतेक दिवस साफ, ओल्या रस्त्यावर चालवणार असाल तर पिरेली सोट्टोझेरो किंवा मिशलिन पायलट अल्पिनच्या जातीचे टायर घ्या, त्यांत स्टेअरिंगचा नेमकेपणा टिकतो. रोज बर्फावरूनच जायचं असेल तर ब्लिझॅक डब्ल्यूएस किंवा हक्कापेलीट्टा आरसारखे जास्त मऊ टायर. वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं असलं (एच म्हणजे 210 किमी, व्ही म्हणजे 240) तर तो आकडा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. भाराचा आकडा मात्र कमी चालणार नाही. टायर जुने नाहीत ना, तेही बघा: टायरच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे 3823 असतील तर तो 2023 च्या 38 व्या आठवड्यातला.

बसवायच्या दिवशी सपाट, पक्की जमीन हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, उचलायच्या चाकाच्या कर्णातल्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट पाव फेरा सैल करा. गाडी बुटकी असल्याने साधा जॅक खाली शिरत नाही, मी आधी चाकं दोन फळ्यांवर चढवून घेते. जॅक दाराखालच्या दोन खाचांमधल्या जाड पट्टीलाच लावायचा, आणि उचलल्यावर खाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक निघालं की हबकडे बघा. एका हिवाळ्यात मी हे केलं नाही. अंधार पडत आला होता, चाकं भराभर चढवली, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की टक् वाजणारा पाना) प्रत्येक नटावर व्यवस्थित वाजला. तिसऱ्या दिवशी वेग वाढवला की मागून डाव्या बाजूने ठक-ठक येऊ लागलं. गाडी बाजूला घेऊन पाना लावला तर पाचपैकी तीन नट हाताच्या जोरावर फिरले. चाक उतरवलं तेव्हा हबच्या तोंडावर गंजाची पापडी चुरडलेली होती. नट आवळले गेले होते ते त्या पापडीवर. ती चुरा होऊन गेली आणि तेवढी जागा मोकळी झाली. तेव्हापासून मी प्रत्येक हबला दहा मिनिटं देते. तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचं, मधल्या उंचवट्याची कडही, रिमची मागची बाजूही, आणि कापडाने पुसून घ्यायचं. मधल्या उंचवट्याला ग्रीसचा अगदी पुसट हात लावला तर चाक पुढे चिकटून बसत नाही. स्टडच्या आट्यांना ग्रीस नको. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड ताणतो.

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढच्या दिशेला आहे ना, ते बघा. सगळे नट आधी बोटांनीच फिरवा. तिरके लागले तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. मग चांदणी काढताना जसं एक टोक सोडून पुढच्याला जातो, त्या क्रमाने हलके आवळा, गाडी खाली घ्या आणि त्याच क्रमाने टॉर्क रेंच. माझ्या गाडीला 120 न्यूटन मीटर. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्या, मध्यभागी एकच मोठा नट असलेल्या चाकांचं गणित तर पूर्ण निराळं असतं. हवेच्या गनने शेवटचं आवळू नका.

हवा थंड टायरमध्ये मोजायची. 10 अंश तापमान उतरलं की साधारण 0.1 बार दाब कमी होतो. गॅरेजमध्ये 20 अंशांत 2.4 बार भरून बाहेर उणे 5 मध्ये नेलं की 2.1 च राहतो. म्हणून मी सकाळी बाहेरच मोजते. हवेच्या दाबाचे सेन्सर नव्या चाकांत असतील तर त्यांचे क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवून घ्या, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा हिवाळाभर जळत राहील.

पहिले काही शे किलोमीटर जरा सबुरीने चालवा, नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो. 100 किमी झाले की टॉर्क रेंच पुन्हा एकदा प्रत्येक नटावर.

उतरवलेली चाकं धुऊन, वाळवून, अंधाऱ्या थंड जागी आडवी रचा. विजेच्या मोटारीजवळ नको, तिच्यातून निघणाऱ्या ओझोनने रबराला तडे जातात. त्याआधी प्रत्येक टायरवर खडूने लिहा: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. मागची चाकं लवकर झिजतात, त्यामुळे पुढच्या वेळी बसवताना मी खोली मोजते आणि जास्त खोल नक्षीची जोडी मागे घालते. हिवाळी टायरची नक्षी 4 मिमीच्या खाली गेली की तो मी बर्फासाठी धरत नाही.