पंचगंगेत परका शिंपला शिरू नये म्हणून: मोटारी, बरगे आणि जाळी कशी तपासायची

जूनच्या तोंडावर नदीकाठच्या पाणी उपसणाऱ्या मोटारी वर काढल्या जातात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघतात. कित्येक महिने पाण्यात बुडालेलं सामान एकदम काठावर येतं. नदीत परका शिंपला आला आहे का, हे बघायला याहून सोयीची वेळ नाही. होडी लागत नाही, पाणबुड्या लागत नाही. काय बघायचं ते ठाऊक हवं आणि सामान धुण्याआधी ते बघायला हवं. एकदा प्रेशरनं धुतलं की पुरावा पाण्याबरोबर परत नदीत जातो.

जगभर गोड्या पाण्यात धुमाकूळ घालणाऱ्या शिंपल्यांत झेब्रा, क्वागा आणि सोनेरी ही तीन नावं आघाडीवर आहेत. झेब्रा आणि क्वागा मूळचे काळ्या समुद्राच्या परिसरातले. 1988 मध्ये झेब्रा उत्तर अमेरिकेत लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला आणि तिथून त्यानं महासरोवरं व्यापली. पण झेब्राला 30 अंशांवरचं पाणी फार काळ सोसत नाही आणि कवचासाठी कॅल्शियमही बरंच लागतं. सोनेरी शिंपला, म्हणजे लिम्नोपेर्ना फॉर्च्युनाय, मूळचा चीन आणि आग्नेय आशियाकडचा. त्याला कोमट पाणी चालतं आणि कमी कॅल्शियमवरही त्याचं भागतं. त्यामुळे आपल्याकडं नजर ठेवायची ती आधी त्याच्यावर. (मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांतला मायटिलॉप्सिस किंवा केरळच्या कायलांतला (समुद्रालगतच्या खाजणांतला) चारू हे खाऱ्या-मचूळ पाण्याचे शिंपले, पंचगंगेपुरते ते बाजूला ठेवा.)

सोनेरी शिंपला 1991 मध्ये अर्जेंटिनात, रिओ दे ला प्लाताच्या काठावर सापडला. 2001 पर्यंत तो पाराना नदीवरच्या इटाइपू धरणात पोचला होता, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेनं शेकडो किलोमीटर वर. त्याची अळी डोळ्यांना न दिसणारी, मिलिमीटरच्या पावभागाहूनही बारीक. ती पाण्याबरोबर खाली वाहते, प्रवाहाविरुद्ध पोहून वर जाणं तिला जमत नाही. वर नेतो तो माणूस: होडीच्या तळाला चिकटवून, जाळ्यात अडकवून, मोटारीत साचलेल्या पाण्यातून. आपल्या सगळ्या खबरदारीचा पाया हाच आहे. इचलकरंजीजवळ शिंपला आला तर तो खाली नरसोबाच्या वाडीला, कृष्णेत जाईल. राधानगरीच्या किंवा तुळशीच्या जलाशयात आला तर भोगावती आणि पंचगंगेवरचा एकूण एक बंधारा त्याच्या वाटेत येईल. काळम्मावाडीचं पाणी तर थेट पाइपलाइननं शहरात येतं. म्हणून खालचं न धुतलेलं सामान वरच्या धरणात कधीही न्यायचं नाही.

आधी आपले शिंपले ओळखा

या पायरीवर सर्वांत जास्त घोटाळा होतो. आपल्या नदीतला लॅमेलिडेन्स लांबट, काळपट-तपकिरी, आतून मोत्यासारखा चमकणारा असतो आणि 8-10 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पॅरेसिया त्याहून लहान, गोलसर आणि जाड कवचाचा. दोघेही गाळात किंवा वाळूत अर्धे रुतून बसतात, दगडाला चिकटत नाहीत. त्यांची पिल्लं काही काळ माशांच्या कल्ल्यांना धरून वाढतात, म्हणजे मासा नसेल तर हा शिंपलाही नाही. वाळूत सापडणारी छोटी, तिकोनी, कवचावर समांतर कंगोरे असलेली शिंपली म्हणजे कॉर्बिक्युला, तीही आपलीच.

सोनेरी शिंपला बहुधा 2 ते 3 सेंटिमीटरचा, एका टोकाला निमुळता, सोनेरी-तपकिरी. तो बारीक चिवट धाग्यांच्या झुबक्यानं दगड, काँक्रीट, लोखंड, पीव्हीसी, लाकूड अशा कशालाही धरून राहतो आणि एकावर एक थर करतो. झेब्राही असाच चिकटतो, पण त्याची खालची बाजू सपाट असते, त्यामुळे टेबलावर ठेवला तर तो उभा राहतो. रिकामं कवच उघडून निमुळत्या टोकाच्या आत बघा: झेब्राला तिथं छोटा आडवा पडदा असतो, सोनेरीला नसतो.

धागे दिसले म्हणून लगेच ओरड करू नका. कॉर्बिक्युलाचं अगदी लहान पिल्लूही एखाद्या धाग्यानं चिकटलेलं असतं. शिवाय कृष्णेच्या खोऱ्यात, खाली नागार्जुनसागरच्या बाजूला, स्कॅफुला नावाचा एक देशी शिंपलाही धाग्यांनी दगडाच्या खाचांना धरून राहतो. त्याच्या बिजागरीच्या रेषेवर बारीक दातांची रांग असते. सोनेरीची बिजागरी गुळगुळीत. मारायची घाई केली तर बळी आपल्याच दुर्मिळ जिवाचा जाईल.

काठावर आलेल्या सामानाची तपासणी

मेन स्विच बंद, केबल सोडवलेली, मगच हात घाला. पहिल्यांदा फूटव्हॉल्व्हची जाळी: भोकांच्या कडा आणि आतली झडप. मग सक्शन पाइपच्या जोडांवरच्या खाचा, फ्लँजच्या मागची बाजू, दोरखंडाच्या गाठी. अळी बसते ती सावलीत, संथ पाण्यात आणि खडबडीत जागी. त्यामुळे उघडा गुळगुळीत पाइप बघून समाधान मानू नका. बरग्यांचे वरचे पृष्ठभाग सोडून द्या. एकमेकांना टेकणाऱ्या कडा आणि खांबांतल्या खाचा बघा. पाणीपुरवठा संस्थांच्या जॅकवेलमध्ये (नदीकाठच्या उपसा विहिरीत) शिडीच्या पायऱ्यांची खालची बाजू महत्त्वाची.

नुकतीच बसलेली पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला कळतात. ओल्या पृष्ठभागावरून बोट हलकेच फिरवा. शेवाळ बुळबुळीत लागतं. पिल्लं असतील तर पॉलिश पेपरवरून बोट फिरवल्यासारखी खरखर लागते. गाळातली रेती बोटाबरोबर सरकते, ही खरखर जागची हलत नाही. तिथं दहा पट मोठं दाखवणारं भिंग लावा. गोगलगायींची अंडी, गोड्या पाण्यातले स्पंज, किड्यांची रेतीची घरं हे सगळं सापडेल. दोन झडपांचं कवच दिसलं तरच पुढं जा.

लटकती पट्टी

उरलेल्या महिन्यांत पाण्यात काय चाललंय ते कळायला पट्टी लटकवावी लागते. राखाडी पीव्हीसी शीटचे 15 × 15 सेंटिमीटरचे चार तुकडे घ्या. दोन्ही बाजू 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून खडबडीत करा; कोऱ्या गुळगुळीत पीव्हीसीवर अळी सहज बसत नाही. प्रत्येकाच्या मध्यभागी भोक पाडून 6 मिलिमीटरची नायलॉन दोरी ओवा. तुकडे आडवे राहतील अशा गाठी वर-खाली मारा. वरचा तुकडा पाण्याखाली 1 मीटरवर, बाकीचे त्याखाली अर्ध्या-अर्ध्या मीटरवर. तळाशी अर्धी वीट बांधा, पण शेवटचा तुकडा नदीच्या तळापासून किमान अर्धा मीटर वर राहू द्या. तळाजवळ गाळ बसतो, आणि गाळाखाली काहीच चिकटत नाही. मग पट्टी कोरी निघते आणि आपण उगाच निर्धास्त होतो.

बांधायची जागा जॅकवेलच्या सावलीत, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. पूर ओसरून बरगे बसले की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाका आणि जूनआधी काढा; पुरात ती राहणार नाही. विसर्ग कमी-जास्त झाला की पातळी बदलते, म्हणून महिन्यातून एकदा खोलीही तपासा. त्याच वेळी प्रत्येक तुकड्याची खालची बाजू बघा, कारण वरच्या बाजूवर गाळ साचतो. पहिल्या महिन्यात शेवाळी थर बसेल, तो घासून काढू नका. अळ्यांना तो लागतो. केंदाळ पट्टीत अडकलं तर तेवढं मात्र सोडवून टाका.

सामान धुणं

एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाणारी प्रत्येक वस्तू यात आली: मोटार, जाळी, होडी, काहील (नदी ओलांडायला वापरतात ती मोठी कढई), गमबूटसुद्धा. आधी चिकटलेला गाळ आणि केंदाळ खरवडून काठापासून लांब टाका. मग मोटारीतलं, पाइपातलं पाणी शेतात ओता, ओढ्यात नाही. त्यानंतर वाळवणं किंवा गरम पाणी. एप्रिल-मेच्या कडक उन्हात किमान आठवडाभर पूर्ण कोरडं ठेवलं तर चालतं. दमट हवेत मोठा शिंपला कवच मिटून कित्येक दिवस जगतो, त्यामुळे पावसाळ्यात वाळवण्यावर विसंबू नका. गरम पाण्याचा नियम असा की वस्तूच्या पृष्ठभागावर 60 अंश तापमान किमान दहा सेकंद टिकलं पाहिजे. दोन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी मिसळलं की सत्तरच्या थोडं वर जातं. लोखंड थोडी उष्णता खातं, तरी साठ उरतात. थंड लोखंडावर एकदा ओतून थांबू नका, दोन-तीनदा ओता. पीव्हीसी पाइप मात्र एवढ्या उष्णतेनं वाकतो, तो वाळवाच.

मत्स्यबीज आणताना बोटुकली जाळीनं उचलून सोडा. ड्रम किंवा पिशवीतलं पाणी जलाशयात ओतू नका, जमिनीवर ओता. घरच्या मत्स्यालयाचंही तेच. 2021 मध्ये अमेरिकेत मत्स्यालयासाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत जिवंत झेब्रा शिंपले निघाले होते. टाकीतलं पाणी आणि वनस्पती रंकाळा तलावात सोडणं बंद व्हायलाच हवं.

इतकी काळजी कशासाठी

एक मोठा झेब्रा शिंपला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो. हडसन नदीत तो 1991 मध्ये सापडला आणि काही वर्षांतच तिथलं वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, 80 टक्क्यांहून अधिक घटलं. पाणी नितळ दिसतं, म्हणून लोकांना बरं वाटतं. प्रत्यक्षात माशांच्या पिल्लांचं खाणं गेलेलं असतं, आणि ऊन खोलवर गेल्यानं तळाशी वनस्पती माजतात. विषारी निळ-हिरवं शेवाळ तो नको म्हणून थुंकून टाकतो, त्यामुळे नेमकं तेच वाढतं. देशी शिंपल्यांच्या कवचावर तो इतका दाट बसतो की त्यांना झडपा उघडता येत नाहीत आणि ते उपासमारीनं मरतात. सांडपाण्यानं आधीच टेकीला आलेल्या पंचगंगेतल्या लॅमेलिडेन्सला हा आणखी एक घाव सोसणार नाही.

संशय आला तर

ओढून काढू नका, ब्लेडनं धागे कापून काढा; धागे ओळखीला लागतात. शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून वरून, खालून, बाजूनं फोटो घ्या. चार-पाच नमुने 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मालिन नको, त्यानं डीएनए तपासणी बिघडते. चिठ्ठीवर पेन्सिलनं तारीख, गाव, बंधारा, खोली लिहून ती बाटलीतच टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. जिवंत नमुना घेऊन गावोगाव फिरू नका. बाटली शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात किंवा भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या पुणे केंद्रात द्या आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवा.

आणि नदीत ब्लीचिंग पावडर किंवा मोरचूद ओतू नका. व्हर्जिनियातल्या मिलब्रुक खाणीत 2006 मध्ये पोटॅशियम क्लोराइडनं झेब्रा संपवता आला, कारण ते पाणी बंद होतं आणि मात्रा मोजून दिली होती. वाहत्या नदीत औषध खाली निघून जातं आणि वाटेत मासे, देशी शिंपले मारतं. परका शिंपला मात्र कवच मिटून घेतो आणि औषध ओसरलं की पुन्हा उघडतो. तज्ज्ञांचा निर्णय येईपर्यंत करण्यासारखं काम एकच: त्या ठिकाणाहून एकही मोटार, जाळं किंवा काहील न धुता वर जाऊ द्यायची नाही.